जूनचा पट
(द्वितीय वर्ष, कला)

आपल्याकडे नवे वर्ष एकदाच येते असे नाही. एक चैत्रात गुढी उभारून येते. एक दिवाळीच्या पाडव्याला व्यापाऱ्याच्या नव्या वहीबरोबर येते. एकतीस मार्च संपला की सरकारी कचेऱ्यांचे एक येते. परंतु ज्या घरात शाळेच्या वयाचे मूल आहे, त्या घराचे खरे नवे वर्ष जूनच्या मध्यावर उजाडते. ते पंचांगात सापडत नाही, शिक्षण खात्याच्या परिपत्रकात असते. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात ही तारीख १५ जून. २०२५ साली त्या दिवशी रविवार आला म्हणून १६ जून. विदर्भात ऊन उतरेपर्यंत थांबावे लागते, त्यामुळे तिकडच्या शाळा काही दिवस मागून उघडतात. जिल्हा परिषदांच्या शाळा राज्यात साठ हजारांच्या घरात आहेत. एवढ्या शाळांची कुलुपे जवळजवळ एकाच सकाळी निघतात, ही लहानसहान गोष्ट नव्हे. आणि आपल्या महाविद्यालयाच्या अंकात या सकाळीबद्दल कुणी लिहिल्याचे मला तरी आठवत नाही. वास्तविक आपल्यापैकी निम्मे जण याच शाळांच्या ओट्यावरून येथपर्यंत आले आहेत.

आमचे गाव बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. तेथे जून म्हणजे आधी मृग, मग शाळा. सात-आठ तारखेला मृग निघतो आणि घरात जो काही पैसा असेल तो बी-बियाण्याच्या दुकानाकडे चालू लागतो. नसेल तर उसना येतो आणि तोही तिकडेच जातो. सोयाबीनची पिशवी, खताचे पोते, ज्याच्या घरी बैल नाहीत त्याला ट्रॅक्टरवाल्याचे भाडे. नेमक्या याच आठवड्यात पोरगी म्हणते, मला दप्तर पाहिजे. माझे वडील कधी ‘नाही’ म्हणाले नाहीत. ‘पेरणी होऊ दे’ म्हणाले. पेरणी झाली की पावसाची वाट, पाऊस झाला की खुरपणी. दप्तर पोळ्याला आले तरी आम्हांला ते वेळेवरच वाटे. शहरातल्या वाचकाला यात दारिद्र्याचे वर्णन दिसेल. मला फक्त एवढेच सांगायचे आहे की आपले शाळेचे वर्ष शेतकऱ्याचा खिसा सर्वांत रिकामा असताना सुरू होते, आणि म्हणून त्या पहिल्या दिवशी शाळा मुलाच्या हातात काय ठेवते याला खेड्यात निराळे महत्त्व आहे.

तो दिवस आता मोठ्या थाटाने साजरा होतो. त्याला ‘प्रवेशोत्सव’ म्हणतात. परिपत्रक खात्याकडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे, तेथून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग केंद्रप्रमुखांकडे आणि शेवटी मुख्याध्यापकाच्या मोबाईलवर येऊन पडते. गुरुजी आणि बाई दोन दिवस आधी शाळेत येतात. उन्हाळ्यात वर्गात शिरलेली धूळ, वटवाघळे आणि कधी कधी कुणाची तरी कांद्याची पोती बाहेर निघतात. आंब्याच्या पानांचे तोरण होते, रांगोळी होते. सकाळी प्रभातफेरी निघते. पहिलीत येणारी मुले कुठे बैलगाडीत, कुठे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून गावातून मिरवतात. फुगे, गुलाबाचे फूल, औक्षण, खिचडीबरोबर काहीतरी गोड. कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून मुलाच्या पावलांचा ठसा कागदावर घेतात. २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावेही भरतात. त्यांत मुलाला उड्या मारायला, रंग ओळखायला, वस्तू मोजायला लावतात आणि आईला घरी काय करून घ्यायचे ते सांगतात. कधी सरपंच येतात, कधी साहेब येतात. २०२५ साली तर मंत्रीसुद्धा पहिल्या दिवशी शाळाशाळांतून गेले. या सगळ्याची छायाचित्रे काढून वर पाठवायची असतात. त्यामुळे गुरुजींचा एक हात मुलाच्या डोक्यावर आणि दुसरा मोबाईलवर असतो.

आपल्या येथील एका वादविवाद स्पर्धेत एका वक्त्याने या उत्सवाला ‘तमाशा’ म्हटले आणि टाळ्या घेतल्या. मी टाळी वाजवली नाही. एक तर तमाशा ही कष्टाची कला आहे, तिला शिवी म्हणून वापरू नये. दुसरे म्हणजे, ज्यांच्या घरी आजोबाही पदवीधर होते त्यांना शाळेच्या दारातले तोरण फुकटचे वाटणे साहजिक आहे. त्यांना शाळेत कुणी बोलावण्याची गरज नव्हती. ज्या घरातले कुणी कधी उंबरठा ओलांडून वर्गात बसले नाही, त्या घराच्या दाराशी ढोल वाजवत मास्तर येतात, ‘तुमची पोरगी पाठवा’ म्हणतात, ही गोष्ट त्या घरात वर्षानुवर्षे सांगितली जाते.

माझ्या वडिलांचा वाढदिवस १ जून. माझ्या चुलत्यांचाही १ जून. शेजारच्या तीन घरांतल्या कर्त्या माणसांचाही १ जून. महाराष्ट्रातल्या कोणत्याही खेड्यात जा, चाळिशी-पन्नाशीच्या पुढची निम्मी माणसे १ जूनला जन्मलेली आढळतील. त्या दिवशी मोबाईलवर शुभेच्छांचा पूर येतो आणि आमची तरुण मंडळी त्यावर विनोद करतात. विनोदात एक इतिहास आहे. आईला जन्मतारीख ठाऊक नसे. ठाऊक असे ते ‘दुष्काळाच्या आदल्या सालचा’ किंवा ‘पोळ्याच्या आधी आठ दिवस’ एवढेच. गुरुजी मुलाकडे पाहत, हात डोक्यावरून घेऊन विरुद्ध बाजूचा कान धरायला लावत, आणि पहिलीच्या वयात बसेल असे साल धरून १ जून ही तारीख लिहून टाकत. जन्ममृत्यूच्या नोंदवहीत ज्यांची नोंद नव्हती त्यांना शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराने जन्म दिला. पुढे तीच तारीख रेशनकार्डावर, मतदारयादीत, आधारकार्डावर गेली. माझे वडील चौथीनंतर शाळेत गेले नाहीत. पण त्या रजिस्टरात त्यांचे नाव आहे, आणि त्या नावाच्या आधारावर माझा जातीचा दाखला निघाला व मी या महाविद्यालयात आले. तेव्हा शाळेचे वर्ष उघडताना खरोखर काय उघडते असे मला कोणी विचारले, तर मी ते रजिस्टर दाखवीन.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. तेव्हा दंड होता, आज बँड आहे. शंभर वर्षांत सरकार पालकाशी गोड बोलायला शिकले, याचा आनंदच आहे. पण बँड थांबल्यावर काय, हा प्रश्न उरतोच.

बँड थांबल्यावर पुस्तके वाटली जातात, आणि येथे मी खात्याला मनापासून शाबासकी देईन. ‘बालभारती’ची स्थापना १९६७ ची. आज पहिली ते आठवीची पुस्तके जिल्हा परिषदेच्या शाळेत फुकट मिळतात आणि बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी मिळतात. लाखो पुस्तके पाऊस सुरू व्हायच्या आत डोंगरातल्या वाडीपर्यंत पोचवणे सोपे नाही. नव्या पुस्तकाचा वास ज्याला त्या दिवशी मिळाला, त्याला दप्तर पोळ्याला मिळाले तरी चालते. मध्यंतरी, २०२३-२४ पासून, पुस्तकातच वहीची कोरी पाने घालण्याचा प्रयोग झाला. गरीब मुलाला वहीचा खर्च पडू नये आणि दप्तर हलके व्हावे, हा हेतू. २०२५-२६ पासून ती पाने पुन्हा काढली. प्रयोग फसला असेल. परंतु निदान कोणाच्या तरी ध्यानात आले होते की जूनमध्ये घरात वहीला पैसे नसतात. पाने गेली तेव्हा वही कोण देणार, हे मात्र कोणत्याही परिपत्रकात मी वाचले नाही.

गणवेशाची कथा एवढी चांगली नाही. मी २०१२ साली पहिलीत गेले. शिक्षणहक्काचा कायदा लागू होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. फुकट गणवेश होता, पण तो सर्व मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या मुलांना. उरलेल्या मुलग्यांना नाही. वर्गात यादी वाचली जाई. ज्याचे नाव वाचले तो उठून पुढे जाई. बाकीचे बसून राहत. सहा वर्षांच्या मुलाला कायद्याचे कलम कळत नाही. त्याला इतकेच कळते की आपले नाव आले नाही. आणि ज्याचे आले त्यालाही लवकरच कळते की ते का आले. माझ्या शेजारी बसणारा मुलगा, घरी दोन एकर कोरडवाहू, यादीत नव्हता. वर्षभर तो मोठ्या भावाचा शर्ट घालून आला. पुढे आम्ही मोठे झालो आणि आरक्षणावरून भांडणे ऐकू येऊ लागली, तेव्हा मला त्या यादीची पुष्कळदा आठवण झाली. समतेच्या नावाने सुरू केलेली चांगली योजना वर्गातच दोन रांगा पाडत होती, आणि तेही वर्षाच्या पहिल्या आठवड्यात! २०२३-२४ पासून शासनाने सर्वच मुलांना गणवेश द्यायचे ठरवले. हा निर्णय वर्तमानपत्रात आतल्या पानावर आला. माझ्या मते तो पहिल्या पानावर यायला हवा होता.

पण दुसऱ्याच वर्षी, २०२४ साली, ‘एक राज्य एक गणवेश’ निघाले. कापड एकाच ठिकाणाहून यायचे, शिलाई बचत गटांच्या बायकांनी करायची. कल्पनेत बायकांना काम होते, तेवढे चांगले. प्रत्यक्षात कित्येक शाळांत १५ ऑगस्टचे झेंडावंदन जुन्याच कपड्यांत झाले, आणि कपडे आले तेव्हा कुणाची बाही कोपरापर्यंत तर कुणाची मनगटापर्यंत. डिसेंबरात तो निर्णय मागे घेतला आणि काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिले. गावातला शिंपी मुलाला उभे करून माप घेतो. मंत्रालयातून माप घेता येत नाही. हे कळायला एक वर्ष आणि काही लाख मुलांचा जून गेला.

आता पटाकडे येते. पट म्हणजे शाळेत नाव घातलेल्या मुलांची संख्या. पण गुरुजींच्या तोंडी हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडच्या ‘पाऊस’ या शब्दासारखा येतो. पटावर शिक्षक ठरतात: कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन, पुढे वाढीव. संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरण्याची पद्धत आहे. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत गुरुजी घरोघर फिरतात. त्यांच्या आधी तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येऊन गेलेली असते. तिने जानेवारीतच नावे घेतली. बाप कर्ज काढून मुलाला टाय बांधतो आणि मुलगी गावातल्या शाळेत जाते. हा हिशोब आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. जिल्हा परिषदेच्या वर्गात मुली अधिक का दिसतात, याचे कारण शोधायला संशोधन लागत नाही.

पटाचे हे महत्त्व इतके की पूर्वी काही ठिकाणी खोटी नावेही घातली जात. २०११ च्या ऑक्टोबरात, ३ ते ५ तारखेला, राज्यभर पटपडताळणी झाली. मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावून मोजणी केली. खोटा पट उघडा पडला, हे बरेच झाले. परंतु मोजण्याची सवय लागली की सरकारला लहान संख्या डोळ्यांत खुपू लागते. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात पंधरा हजारांच्या जवळपास आहेत. २०२३ पासून त्यांच्या ‘समूह शाळा’ करण्याची चर्चा आहे. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणे दिली जातात. मोठ्या शाळेत ग्रंथालय असते, खेळायला सवंगडी असतात, हे मला मान्य आहे. दोन शिक्षकी शाळेत एक गुरुजी बैठकीला गेले की दुसऱ्याच्या गळ्यात चार वर्ग पडतात, हे मी स्वतः अनुभवले आहे. तरीही ओढ्यापलीकडच्या वाडीतून सहा वर्षांची मुलगी जुलैच्या पुरात मोठ्या शाळेला कशी जाणार, याचे उत्तर गाडी मिळेल असे देतात. आमच्या वाडीला अजून एस.टी. येत नाही.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. हा जूनचा पट आमच्या भागात खरा असून खोटा आहे. दसरा झाला की मुकादम येतो. उचल आधीच घेतलेली असते. दिवाळीच्या आगेमागे कोयते गाड्यांत चढतात, आणि कोयत्याबरोबर मुले. ३० सप्टेंबरला जी मुले मोजली ती महिना-दीड महिन्यात साखर कारखान्यांच्या कडेला कोपीत असतात. मोठी बहीण धाकट्याला सांभाळते, वाढे गोळा करते. ती परत येते मार्च-एप्रिलात. तेव्हा वर्ष संपत आलेले असते, परीक्षा तोंडावर असते. तिच्यासाठी तोरण नसते, फूल नसते. तिला कोणी ओवाळत नाही. बाकी वर्ग सात धडे पुढे गेलेला असतो आणि ती आपल्याच बाकावर पाहुणी होऊन बसते. चौथीपर्यंत कायद्याने नापास करायचे नसते म्हणून ती वर चढते. असे तीन-चार जून झाले की एका जूनला ती येतच नाही.

माझ्या पहिलीच्या वर्गात आम्ही आठ मुली होतो. दहावीला तिघी बसलो. ज्या पाच जणी गळल्या त्यांच्यातली चार घरे कोयत्याची. मी टिकले याला माझी हुशारी कारण नाही. माझी आजी धडधाकट होती व तिने आईला सांगितले, ‘तुम्ही जा, पोरीला मी बघते.’ ज्यांची आजी नव्हती, किंवा आजीच कोपीवर गेली होती, त्या गेल्या. एखाद्या मुलीचे शिक्षण आजीच्या गुडघ्यांवर अवलंबून असावे का?

उपाय कोणाला माहीत नाहीत असे नाही. हंगामी वसतिगृहाची योजना आहे: मुले गावातच राहतात, त्यांच्या जेवणाची सोय होते, शाळा तीच राहते. शिक्षणहक्काच्या कायद्यात स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे येथे जिल्हा परिषदेवर, स्पष्ट शब्दांत टाकली आहे. पण ही वसतिगृहे गाड्या निघून गेल्यावर सुरू झाली तर त्यांचा उपयोग काय? आई-बाप पोरीला ठेवून जायचा निर्णय दसऱ्याच्या आत घेतात. त्या वेळी ‘स्वयंपाक सोमवारपासून सुरू आहे, या बाई रात्री मुक्कामाला आहेत’ असे कोणी सांगितले तर पोरगी राहते. ‘मंजुरी यायची आहे’ असे सांगितले तर ती गाडीत चढते.

म्हणून माझे म्हणणे असे की जिल्हा परिषदेने आमच्यासारख्या तालुक्यांत वर्ष दोनदा उघडावे. एकदा जूनमध्ये, वाजतगाजत, जसे आज उघडते तसे. आणि दुसऱ्यांदा एप्रिलमध्ये, कोयते परतल्यावर. त्या वेळी दाखल-खारीज रजिस्टर हातात घेऊन गुरुजींनी पुन्हा घरोघर जावे, परत आलेल्या मुलांना मे महिनाभर वेगळे बसवून राहिलेले शिकवावे, त्यासाठी शिक्षकाला रजा किंवा मोबदला द्यावा. उन्हाचे कारण सांगू नये. सकाळी सात ते दहा आमच्याकडे लोक शेतातही कामे करतात. ‘पहिले पाऊल’चा मेळावाही एप्रिलमध्ये एकदा भरतो. त्याची तारीख गाड्या परतण्याच्या आधीची असेल तर ज्या आयांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे त्या फडातच असतात. तारीख तालुक्याला ठरवू द्यावी. विदर्भासाठी ऊन पाहून शाळेची तारीख बदलता येते, मग कोयता पाहून का बदलता येऊ नये?

आणि यात आपला, म्हणजे या महाविद्यालयाचा, संबंध आहे म्हणून हे वार्षिक अंकात लिहिते आहे. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत एखाद्या दत्तक गावी जाते. आपण रस्ता झाडतो, झाडांना आळी करतो, रात्री पथनाट्य करतो. मागच्या खेपेला आम्ही ‘मुलगी शिकली’ हे नाटक केले तेव्हा समोर म्हातारी माणसे आणि शाळेचे दोन गुरुजी होते. ज्यांनी पाहायला हवे ते सारे ऊस तोडत होते. हे शिबिर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घ्यावे. मुख्याध्यापकांकडून पट घ्यावा, कोयत्याच्या घरांची नावे काढावीत, आणि दोघादोघांनी त्या घरी जाऊन बसावे. वसतिगृह मंजूर नसेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे त्याच आठवड्यात जावे. ऑक्टोबरात सत्र परीक्षा असते, ही अडचण मला ठाऊक आहे. ती आठ दिवस मागेपुढे करणे प्राचार्यांच्या हातात आहे की विद्यापीठाच्या, हे प्राध्यापक मंडळींनी आम्हांला सांगावे. शिबिराचे गाव ठरवण्याची बैठक ऑगस्टात होते. त्या बैठकीत मी हा विषय लेखी देणार आहे. ज्यांच्या घरी १ जूनला वाढदिवस असतो त्यांनी तरी त्या अर्जावर सही करावी.